ऱ्हुमॅटॉइड संधिवात: निदानानंतरचे पहिले सहा महिने

रिपोर्टमध्ये अँटी-सीसीपी (या संधिवाताच्या निदानासाठीची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह, गोळ्या सुरू, आणि सकाळी उठल्यावर मूठ मिटत नाही. हे थांबणार का, हात वाकडे होणार का, काम सुटेल का? नाशिकमध्ये नव्याने निदान झालेली माणसं हेच विचारतात. हा आजार बरीच वर्षं सांभाळलेल्यांनी आणि रोज जवळून बघणाऱ्यांनी आपली कहाणी बाजूला ठेवून कामाचं तेवढं लिहावं, असं आवाहन केलं होतं. आलेलं सगळं खाली आहे.

गंगापूर रोडहून
पहिल्या महिन्यात जास्त छळतो तो एकच प्रश्न, गोळी लागू पडतेय की नाही. मेथोट्रेक्सेटचा, म्हणजे या आजारात बहुतेकांना आधी दिल्या जाणाऱ्या औषधाचा, परिणाम जाणवायला ६ ते १२ आठवडे लागतात. दहाव्या दिवशी फरक नाही म्हणून डॉक्टर बदलला, की घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तीन तारखा लिहा: गोळी सुरू केल्याची, त्यानंतर ३ महिन्यांची आणि ६ महिन्यांची. तीन महिन्यांत सुधारणा दिसायला हवी आणि सहा महिन्यांत आजार शांत किंवा जवळपास शांत व्हायला हवा. तसं झालं नाही तर डॉक्टर मात्रा वाढवतात, दुसरं औषध जोडतात किंवा बदलतात. पहिलं औषध कमी पडलं म्हणजे सगळं संपलं, असं मनात आणू नका. पुढची पायरी आधीपासून ठरलेली असते.

रोज तीनच नोंदी करा: सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं टिकला, कुठले सांधे सुजले, थकवा दहापैकी किती. डॉक्टर २८ सांधे दाबून बघतात आणि त्यावरून आजाराचा जोर मोजतात. ‘जरा बरं आहे’ यापेक्षा ‘९० मिनिटांचं ४० वर आलं’ हे त्यांना फार उपयोगी पडतं. सुजलेल्या बोटांचा फोटो काढून ठेवा. तपासणीच्या दिवशी सूज नेमकी उतरलेली असते.

सिडकोतून, औषधाच्या दुकानातून
मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. हे वाक्य पाकिटावर जाड पेनाने लिहून घ्या. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात आणि जिवावर बेतू शकतं. चुका तीन ठिकाणी होतात. एक, घरातलं कुणीतरी बाकीच्या रोजच्या गोळ्यांसोबत हीही काढून देतं. दोन, २.५ आणि १० मिलिग्रॅमच्या पट्ट्या शेजारी पडलेल्या असतात, डॉक्टरांनी २.५ च्या चार सांगितलेल्या असतात आणि हातात १० च्या चार येतात. तीन, मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची (एक जीवनसत्त्व) पिवळी गोळी आणि ही गोळी यांची अदलाबदल होते. एकच ताकदीची पट्टी घरात ठेवा आणि वार पक्का करा. पंचवटीतल्या एका ताईंनी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजाराचा दिवस धरलाय. तो वार विसरायची सोयच नाही.

राहिलीच, तर दोन दिवसांच्या आत घेता येते. त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडा, दुप्पट घेऊ नका. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी किंवा तापासाठी दुसरीकडे गेलात तर ‘मी मेथोट्रेक्सेट घेतो’ हे आधी सांगा, कारण कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक त्याच्यासोबत चालत नाही. आणि काळजीपोटी कुणी आणून दिलेली ‘वातावरची पुडी’ अजिबात घेऊ नका. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. आठ दिवसांत जादू होते आणि बंद केली की अंग उलटून पडतं.

इंदिरानगरहून, लॅबमधून
सुरुवातीचे काही महिने २ ते ४ आठवड्यांनी, पुढे साधारण ३ महिन्यांनी हिमोग्राम (रक्तातल्या पेशी), एसजीपीटी (यकृत) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड) तपासा. एकाच लॅबमधून करा, म्हणजे आकडे तुलनेला पडतात. आरए फॅक्टर ही निदानाच्या वेळची रक्तचाचणी, तो आजाराचा जोर मोजायचा आकडा नाही. तो कमी झाला का हे दर महिन्याला बघणं म्हणजे पैसे वाया आणि जीव टांगणीला. जोर बघायला ईएसआर आणि सीआरपी, या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या. आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही हा आजार असू शकतो, आणि पॉझिटिव्ह असून नसूही शकतो. पावसाळ्यात चिकनगुनियानंतर महिनोन् महिने सांधे असेच सुजतात, तेव्हा अलीकडे ताप येऊन गेला असेल तर तारखेसकट सांगा.

निफाडहून
द्राक्षबागेत काम करणाऱ्यांसाठी. ऑक्टोबरच्या छाटणीत कात्री हजारो वेळा दाबली जाते आणि बोटं अंगठ्यापासून दूर, करंगळीकडे ढकलली जातात. या आजारात बोटं नेमकी त्याच दिशेने वाकतात. स्प्रिंगची, धार केलेली कात्री घ्या, मुठीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून जाड करा, आणि अर्ध्या तासाने दुसरं काम घ्या. आपल्याकडची पहाटेची थंडी सांधे खराब करत नाही, पण आखडलेपणा वाढवते. कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून, हातमोजे घालूनच बाहेर पडा. सुजलेल्या मनगटाने क्रेट उचलू नका. दोन्ही बाहू खाली घालून तो छातीशी धरा.

नाशिकरोडहून, फिजिओथेरपी
घरात सगळ्यात वाईट काम कपडे पिळण्याचं, कारण त्यात जोर आणि पीळ एकत्र येतो. कपडा नळाभोवती गुंडाळा आणि दोन्ही तळव्यांत दाबून पाणी काढा. कणीक बोटांनी न मळता तळव्याच्या मनगटाजवळच्या भागाने, नाहीतर सरळ यंत्रात. कुकर एका दांड्याने उचलू नका, खाली दुसऱ्या हाताचा तळवा, मध्ये फडकं. बरणीचं झाकण तळव्याने फिरवा.

सूज भडकली की पूर्ण झोपून राहायचं नाही. एक-दोन दिवस जड काम बंद, पण प्रत्येक सांधा दिवसातून दोनदा सावकाश पूर्ण हलवायचा, प्रत्येकी पाच वेळा. गरम आणि लाल सांध्याला बर्फ, आखडलेल्याला शेक. व्यायामानंतर दुखणं दोन तासांपेक्षा जास्त टिकलं तर उद्या निम्मं करा.

सातपूरहून, कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी
आरोग्य विमा नवीन घेताना आजार लपवू नका, दावा तिथेच अडकतो. आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३ वर्षांची असते. सकाळची पाळी बदलून मागताना डॉक्टरांच्या पत्रात ‘सकाळी आखडलेपणा’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्या.

म्हसरूळहून
वरच्या फिजिओच्या सल्ल्यात भर: एकच सांधा अचानक लालबुंद होऊन ताप आला तर ती आजाराची भडक समजून घरी बसू नका. तो जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. कोरडा खोकला आणि दम लागायला लागला तरी तसंच. ताप चढला असेल तर त्या आठवड्याची मेथोट्रेक्सेट घेण्याआधी फोन करून विचारा.

मूल हवं असणाऱ्या मुलींनी ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगावी, लाजू नये. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, गर्भधारणेच्या काही महिने आधीच ते थांबवावं लागतं, आणि लेफ्लुनोमाइड हे याच आजाराचं दुसरं औषध शरीरातून काढायला वेगळं औषध द्यावं लागतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन या याच आजारावरच्या औषधांवर मात्र गरोदरपणातही राहता येतं. हा बदल घडवून आजार शांत करायला वेळ लागतो, म्हणून लग्नाची बोलणी किंवा मुलाचा विचार सुरू होईल तेव्हाच डॉक्टरांशी बोला. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गर्भनिरोधक हवंच.