पाकीट फोडूनच मासा वितळवा
हवाबंद पाकिटातला मासा फ्रिजमध्ये ठेवला की निर्धास्त, असं म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. बॉट्युलिझम म्हणजे एका जिवाणूच्या विषाने होणारी जीवघेणी विषबाधा. या जिवाणूला हवा नसलेली जागाच मानवते. मासळीत सापडणारा त्याचा ई प्रकार तर ३-४ अंश सेल्सिअसला, म्हणजे फ्रिजमध्येही वाढून विष तयार करतो, आणि वासावरून ते कळेलच असं नाही. १९६३ मध्ये अमेरिकेत ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांतल्या स्मोक्ड (धुरी दिलेल्या) माशातल्या याच विषाने माणसं दगावली होती. म्हणून गोठवलेला मासा वितळवण्याआधी पाकीट फोडा. आपलं कालवण खळखळून उकळतं, त्यात हे विष नष्ट होतं. स्मोक्ड सामन मासा मात्र न शिजवता तसाच खातात, खरी काळजी तिथे. खाल्ल्यावर एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर थेट हॉस्पिटल गाठा. प्रतिविष लवकर मिळायला हवं.