नावाचा अर्थ: बघायचा की सोडून द्यायचा?

परळची_आत्या
येत्या रविवारी भाचीचं बारसं. पाळणा बांधून झालाय, घुगऱ्यांचे हरभरे आणून ठेवलेत, नाव तेवढं ठरत नाहीये. भाऊ-वहिनीने मोबाइलवरून 'मायरा' काढलं. समोर लिहिलंय: 'संस्कृत, लाडकी'. कुठल्या संस्कृतात? हे नाव फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने चारेकशे वर्षांपूर्वी आपल्या कवितांसाठी घडवलेलं. त्यात खालच्या दुकानातल्या मारवाडी काकूंना सांगितलं तर त्या हसतच सुटल्या. त्यांच्यात मायरा म्हणजे भाचरांच्या लग्नात मामा घेऊन येतो तो आहेर. "मामाला आत्तापासून पैसे साठवायला सांगा," म्हणाल्या.
माझं म्हणणं एवढंच. नाव कुठल्याही मुलखाचं ठेवा, पण ते काय आहे हे माहीत करून घेऊन ठेवा. कानात कुर्रर्र मीच करणार आहे, आणि मोबाइलवरची थाप त्या पोरीच्या कानात घालायला जीभ रेटत नाही.

विक्रोळी_स्लो
असहमत. हाक मारताना अर्थ आठवतो कोणाला? माझे आजोबा धोंडू, त्यांचा भाऊ दगडू, बहीण भिकी. आधीची दोन पोरं जगली नाहीत, म्हणून ही अशी नावं. आजोबा गिरणीत साच्यावर होते. हजेरीला 'धोंडू' पुकारलं की लोकांना तो चहात चार चमचे साखर घालणारा माणूस दिसायचा, दगड नाही. चर्चगेट, मरीन लाइन्सच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्याला महर्षी कर्व्यांचं नाव आहे. त्यांचंही पाळण्यातलं नाव धोंडोच. १९५८ साली भारतरत्न मिळालं ते धोंडो केशव कर्वे यांना.

परळची_आत्या
अहो, पण धोंडू ठेवणाऱ्या आईला धोंडा म्हणजे काय हे पक्कं ठाऊक होतं! ठाऊक होतं म्हणूनच तर ठेवलं. तुम्ही माझीच बाजू मांडताय.

कऱ्हाडची_लेक
@विक्रोळी_स्लो, अर्थ गळून पडतो म्हणता, मग 'नकुसा' का नाही गळली? आमच्या सातारा जिल्ह्यात २०११ साली दोनशेहून जास्त मुलींची नकुसा, नकोशी ही नावं सरकारी कार्यक्रम करून बदलावी लागली. माझ्या वर्गात एक होती. बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा तिचं नाव आलं की आवाज उतरायचा त्यांचा. ती 'हजर' म्हणायची तेही पाटीकडे बघत. धोंडू हे यमाला फसवायला होतं, नकुसा हे थेट तिलाच सांगितलेलं. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

विक्रोळी_स्लो
हे मान्य. इथे चुकलो.

शब्दवेडा_बोरिवली
यमाला फसवायची युक्ती आपल्याकडेच नाही. मंगोलियात मुलाला 'एनेबिश' म्हणतात, म्हणजे 'हा नव्हे'. नायजेरियातल्या योरुबा लोकांत 'मालोमो', म्हणजे 'पुन्हा जाऊ नकोस'. हे वाचलं की मला दर वेळी गलबलतं. उलट बालीत कसलाच अर्थ शोधत बसत नाहीत: पहिलं मूल वायान, चौथं केतुत, पाचवं झालं की पुन्हा वायानपासून सुरुवात. आणि कोफी म्हणजे घानाच्या अकान लोकांत शुक्रवारी जन्मलेला मुलगा. कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ चे, वार शुक्रवारच.

तिखट_मत
मंगोलिया, बाली कशाला हवंय? आपली संस्कृत नावं संपली का? ही उसनी नावं म्हणजे फॅड आहे नुसतं.

मशीद_बंदर
@तिखट_मत, साहेबराव, दौलतराव, हैबतराव यांतलं आधीचं अर्धं अरबी आहे. शहाजीतला शहा फारसी. यांना उसने म्हणायला कुठल्या गावात उभे राहाल ते आधी कळवा, बघायला येतो.
आता माझ्या स्टेशनची गोष्ट. सँडहर्स्ट रोडनंतर सीएसएमटीच्या आधी मशीद लागतं ना, ती मशीद म्हणजे मूळची ज्यूंची. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, १७९६ चं. बांधलं सामाजी हस्साजी दिवेकरांनी. कोकणातले बेने इस्राएल, घरात मराठी. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हस्साजी म्हणजे इझिकिएल. हिब्रू नावाला 'जी' लागला आणि ते शेजारच्या तानाजी-संभाजींच्या पंगतीत जाऊन बसलं. आत्याबाई, मूळ अर्थ त्यात किती उरला? तरी नाव खोटं झालं का?
पारशांचा बोमनही तसाच. अवेस्तातलं 'वोहू मनह', चांगलं मन. आपल्या सुमनचा सख्खा चुलतभाऊ, पण दादरच्या पारशी कॉलनीत हाक मारताना तो फक्त बोमन.

तिखट_मत
साहेबरावांचं ठीक आहे, ते तीनशे वर्षं मुरलेलं. मायरा परवाचं आहे.

मशीद_बंदर
साहेबरावही कधीतरी परवाचं होतं.

कियाराचा_बाबा
आम्हीही अर्थ न बघता ठेवलं. मागून कळलं की इटालियन 'क्यारा' म्हणजे उजळ, आणि तसाच उच्चार असलेलं आयरिश नाव आहे त्याचा अर्थ काळी. आता अंघोळ झाली की ती इटालियन, गल्लीत खेळून आली की आयरिश.

शब्दवेडा_बोरिवली
अवांतर, पण कामाचं: नाव ठरलं नाही तरी जन्माची नोंद अडत नाही. बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदावर बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने. म्हणजे बाळाच्या नावाशेजारी आता वहिनीचं नाव बसणार. मोठ्याने म्हणून बघा, जमतंय का.

परळची_आत्या
म्हणून बघितलं. जमतंय, तोच तर घोळ आहे. हा सगळा धागा वहिनीला वाचून दाखवला. इंग्रज कवीवर तिने तोंड वाकडं केलं, 'लाडकी' खोटं आहे म्हटल्यावर भावाला एक टपली बसली. पण मारवाडी काकूंचा अर्थ तिला फारच आवडला. आता मायराच हवंय, आणि विचारलं कोणी तर मामाचा आहेर असंच सांगायचं म्हणतेय. तिने तिच्या भावाला फोन करून कळवलंसुद्धा.
मी हरभरे भिजत घालायला उठते.

विक्रोळी_स्लो
मामा काय म्हणाला?

परळची_आत्या
नेटवर्क गेलं त्याचं.