आरोग्य पाहणीचं पहिलं बोलावणं पोस्टानं जावं का? (चर्चा धागा, कोल्हापूर)

पोस्टमनची लेक, कागल

कोल्हापूर जिल्ह्यात रक्तदाब, साखर, हृदयविकार यांवर वर्षानुवर्षं चालणारी पाहणी करायची झाली, तर पहिलं बोलावणं पत्रानं जावं, असं माझं ठाम मत आहे. थेट दारात जाऊ नये.

मी कम्युनिटी मेडिसिन शिकवते. गेल्या वर्षी एका पाहणीच्या पथकाबरोबर उत्तरेश्वर पेठेत फिरले. एका घरात बाई भाकरी थापत होत्या. आमच्याबरोबर आशाताई दिसल्यावर त्यांनी तवा उतरवला, पिठाच्या हातानंच बसल्या, चाळीस मिनिटं उत्तरं दिली, संमतीपत्रावर सही केली. आम्ही चपला घालत असताना हळूच विचारलं, "नको म्हटलं असतं तर रेशन बंद झालं असतं का ओ?" आम्ही नियमाप्रमाणं सगळं वाचून दाखवलं होतं. तरी त्या सहीला मी संमती म्हणू शकत नाही. दारात आलेल्या माणसाला नको म्हणायला आपल्याकडं जीभ उचलत नाही.

पत्र फळीवर ठेवता येतं. रात्री पोरगं वाचून दाखवतं, चार दिवस विचार होतो. नकोच असेल तर कुणाच्या तोंडावर नकार द्यावा लागत नाही.

पोस्टाच्या जिवावर मोठी कामं उभी राहिली आहेत. १९५१ मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे ५९,६०० डॉक्टरांना धूम्रपानाची छोटी प्रश्नावली पाठवली. ४० हजारांवर उत्तरं आली. त्यांच्यातल्या पुरुष डॉक्टरांचा ५० वर्षं माग ठेवला गेला, आणि कायम सिगारेट ओढणारा सरासरी सुमारे १० वर्षं आधी जातो, हे त्यातून कळलं. माझे वडील पोस्टमन होते म्हणून पोस्टाचा कैवार घेते, असं कुणी समजू नये.

आकडेमोड, राजारामपुरी

मॅडम, तुमचा हेतू पटतो, मार्ग पटत नाही. डॉल आणि हिल यांच्या हातात डॉक्टरांची नोंदणी यादी होती. प्रत्येक माणूस शिकलेला, प्रत्येकाचा पत्ता पक्का. आपल्याकडं तशी यादी कुठली?

अलीकडचं उदाहरण घ्या. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य अभ्यासानं २००६ ते २०१० मध्ये ४० ते ६९ वयाच्या सुमारे ९२ लाख लोकांना पत्रं पाठवली. आले ५ लाख, म्हणजे साडेपाच टक्के. आणि आले कोण? कमी सिगारेट ओढणारे, कमी लठ्ठ, बऱ्या वस्तीत राहणारे. सत्तरी ओलांडलेल्या सहभागींमधला मृत्यूदर त्याच वयाच्या बाकी जनतेच्या जवळपास निम्मा निघाला. तिथं सरकारी आरोग्यसेवेची नोंदणी असताना ही गत. आपण पत्रं पाठवली तर ताराबाई पार्कातले निवृत्त अधिकारी येतील आणि जिल्हा ठणठणीत आहे असा अहवाल निघेल.

मुंबईत १९९१ ते १९९७ दरम्यान मतदार याद्या घेऊन घरोघर जाऊनच सुमारे दीड लाख माणसांची नोंद झाली. तंबाखूनं आपल्या माणसांचं काय होतं ते त्यातून समजलं. ते पत्रानं झालं नसतं.

पोस्टमनची लेक, कागल

साडेपाच टक्के मान्य. पण दोन प्रश्न वेगळे ठेवू या. जिल्ह्यात शंभरात किती जणांना मधुमेह आहे, हे पत्रानं मोजू नये, माझा तसा आग्रहच नाही. तंबाखू खाणाऱ्याचं आणि न खाणाऱ्याचं वीस वर्षांनी काय झालं, ही तुलना मात्र आलेल्या माणसांमध्येही बऱ्याच अंशी करता येते. डॉक्टर म्हणजे काही सगळा ब्रिटन नव्हता, तरी निष्कर्ष टिकला.

शिवाय घरोघरच्या पाहणीत सगळे सापडतात हा समज सोडा. सकाळी अकरा वाजता शिरोलीच्या कारखान्यात कामाला गेलेला पुरुष घरी कसा असेल? तुमच्या यादीतही बायका आणि म्हातारी माणसंच जास्त येतात.

आशा कार्यकर्ती, करवीर

मी मधे बोलते. साधारण हजार लोकवस्ती माझ्याकडं हाय. लसीकरण, गरोदर बायका, क्षयरोगाच्या गोळ्या, त्यात कुठली ना कुठली पाहणी. मोबदला कामावर. त्यामुळं पोस्टानं पत्र जाणार म्हटल्यावर आधी बरं वाटलं.

पण मॅडम, पत्र आलं की बाई ते घेऊन माझ्याकडंच येणार, "ताई, काय लिवलंय बघा की" म्हणून. म्हणजे काम माझं, नाव पोस्टाचं. आणि सुनेच्या नावचं पाकीट सासरा आधी फोडतो. आत अंगावरून जाण्याबद्दल, पिशवीच्या ऑपरेशनबद्दल प्रश्न असले तर तिनं काय करायचं? पाकिटावर क्षयरोग असा शब्द दिसला तर दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळतं. मी दारात जाते तेव्हा सासूला पाणी आणायला पाठवते आणि तेवढ्यात विचारते. ते पत्राला जमायचं न्हाई.

सुताची पेठ, इचलकरंजी

आमच्याकडं एका खोलीत आठ-आठ यंत्रमाग कामगार राहतात, पाळीप्रमाणं झोपायला येतात. पत्ता मालकाच्या नावाचा. मतदार यादीत नाव गावाकडं, तेही दुसऱ्या राज्यात. ऊसतोडीला बीडकडून येणाऱ्या टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, कोप्या घालून राहतात, मार्च-एप्रिलात जातात. त्यांना पत्र कुठल्या पत्त्यावर घालणार? ज्यांच्या छातीत सुताची धूळ जाते, ज्यांच्या पाठी मोळ्या उचलून मोडतात, तीच माणसं तुमच्या अभ्यासात नसतील. आणि उद्या त्या अभ्यासावरून दवाखाना कुठं हवा ते ठरेल. हे माझ्या घरचं दुखणं आहे, म्हणून जरा कडक लिहिलं.

जुना पोस्टवाला, पन्हाळा

नोकरी पोस्टात गेली, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

न पोहोचलेलं पत्र हरवत नाही, परत येतं, आणि त्यावर शेरा असतो: पत्ता अपुरा, गाव सोडून गेले, दार बंद, घेण्यास नकार, मयत. पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र पाकिटावर हवा. आकडेमोड साहेब, हे शेरे गावनिहाय मोजा. कुठली वस्ती यादीतून गळते ते तुम्हाला तिथंच दिसेल. इचलकरंजीच्या भावांनी सांगितलेली खोली 'पत्ता अपुरा' या शेऱ्यात सापडेल. मग तिथं माणूस पाठवा.

दुसरं, सहीचं टपाल नको. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं, पण नाव काहीही असो, सही मागितली की खेड्यात लोकांना बँकेची नाहीतर कोर्टाची नोटीस वाटते. साधं पत्र घाला. उत्तराला बिझनेस रिप्लायचं पाकीट जोडा, म्हणजे तिकिटाचा खर्च तुमच्याकडं.

पोस्टमनची लेक, कागल

काका, इथं संशोधन उलटं सांगतं. टपालाच्या प्रश्नावल्यांवरच्या २९२ चाचण्यांचा आढावा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. नोंदणीकृत टपालानं उत्तर येण्याची शक्यता दुपटीच्या वर गेली होती, सोबत पैसे दिल्यावरही तसंच. पण नोटिशीच्या धास्तीनं आलेलं उत्तर मला नको आहे. तो तर पुन्हा उत्तरेश्वर पेठेतलाच प्रसंग झाला. तुमचं ऐकते, साधं पत्र.

ताईंच्या सासऱ्याच्या मुद्द्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आज दिवसभर विचार केला. पत्रात एकही प्रश्न नको. फक्त बोलावणं: कोण बोलावतंय, कशासाठी, किती वेळ, रक्त किती काढणार. नाजूक प्रश्न तपासणी केंद्रावर, बंद खोलीत.

मंगळवार पेठकर

आमच्याकडं तालमीच्या फळ्यावर लिहा. तालमीनं सांगितलं की शंभर माणूस सकाळी हजर. खोटी आरोग्य शिबिरं भरवून मशीन विकणारे फिरतात, त्यामुळं नुसत्या छापील पत्रावर आता विश्वास बसत नाही.

पोस्टमनची लेक, कागल

पत्र खरं आहे एवढं फळ्यावर जरूर लिहा. नावं लिहू नका. तालमीनं सांगितल्यावर न जाणाऱ्या पोराला कट्ट्यावर काय ऐकावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे.

आकडेमोड, राजारामपुरी

परत आलेल्या शेऱ्यांची कल्पना मी घेतो, ती माझ्या डोक्यात नव्हती. पण एका अटीवर. पंधरा दिवसांत उत्तर न आलेल्या घरांमधून चिठ्ठ्या टाकून काही घरं निवडायची आणि तिथं माणूस गेलाच पाहिजे. नाहीतर न आलेले आलेल्यांपेक्षा किती वेगळे आहेत, हे कधीच कळणार नाही. केवळ पत्रावर उभ्या अभ्यासाला माझा विरोध कायम आहे.

आशा कार्यकर्ती, करवीर

जो माणूस जाणार ती मीच असणार, हे सगळ्यांनी धरून चाललंय. मग प्रत्येक घराचा मोबदला आधी कागदावर येऊ दे. आणि ज्यानं "नको" असं लिहून पाठवलं, त्याच्या दारात मला पाठवू नका.

मॅडम, पत्राचा मसुदा करणार असाल तर "नाही म्हटलं तरी रेशन, पगार, कुठलीच योजना बंद होणार नाही" हे वाक्य सगळ्यात वर घाला, मोठ्या अक्षरात. मला पत्र वाचून दाखवावं लागलं तर तिथूनच सुरुवात करीन.