जर्मन नागरिकत्व: घ्यावं की भारतीय पासपोर्टवरच राहावं?

रानजाई
जर्मनीत २७ जून २०२४ पासून नागरिकत्वाचा नवा कायदा लागू आहे. पूर्वी आठ वर्षांचं वास्तव्य लागायचं, आता पाच पुरतात. आधीच्या देशाचं नागरिकत्व सोडण्याची अटही जर्मनीने काढून टाकली. तेव्हापासून इथल्या गणपतीत आरती संपली की प्रसादाच्या रांगेत एकच प्रश्न, "अर्ज केलास का?"

मी केलाय. माझं मत असं की ज्याला इथेच राहायचंय त्याने नागरिक व्हावं, आणि त्याचं मुख्य कारण मतदान. कर आम्ही भरतो, पेन्शनचा हप्ता पगारातून कापला जातो, मुलं इथल्या सरकारी शाळेत जातात. पण पीआरवर, म्हणजे कायम निवासाच्या परवान्यावर, साध्या नगरपालिकेलाही मत देता येत नाही. २३ फेब्रुवारी २०२५ ला संसदेची निवडणूक झाली. प्रचारभर चर्चा स्थलांतरितांची, म्हणजे आमची, आणि आम्ही घरी बसून निकाल बघतोय! भारतात फॉर्म ६अ भरून यादीत नाव राहतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. त्यासाठी दर निवडणुकीला विमानाने कोण जातं?

तिठ्यावरचा_वड
आधी एक गैरसमज दूर करतो, कारण परवाच एका मित्राला समजावून थकलो. जर्मनीने दुहेरी नागरिकत्व मान्य केलं म्हणून आपल्याला दोन्ही पासपोर्ट ठेवता येत नाहीत. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ स्पष्ट आहे: स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे. तो वकिलातीत जमा करायचा, 'रद्द' असा शिक्का घेऊन परत घ्यायचा, मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं त्या कार्डाचा अर्ज. तुर्की सहकारी दोन्ही खिशात ठेवतो, आपल्याला एक निवडावाच लागतो.

कृष्णाकाठ
रानजाईताई, मला हे पटत नाही. एका मतासाठी जन्माचं नागरिकत्व सोडायचं?

ओसीआय कार्डावर 'नागरिक' छापलंय म्हणून आपण निर्धास्त होतो, पण तो फक्त आजीवन व्हिसा आहे. सरकारने दिलेली सवलत, सरकार कधीही थांबवू शकतं. कोरोनात १३ मार्च २०२० पासून थांबवलीच होती. मे महिन्यात परदेशात अडकलेल्यांना आणणारी वंदे भारतची विमानं सुरू झाली ती भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी. ओसीआयवाल्यांना २२ मे रोजी सूट मिळाली, तीही ठरावीक कारणांसाठी. माझ्या मावसभावाचे वडील त्याच दिवसांत आयसीयूत होते. तो रोज वकिलातीला मेल लिहायचा. ज्या घरात वाढला त्या घरी जायला परवानगी मागत होता. मी ते जवळून बघितलंय, म्हणून इतक्या तळमळीने लिहितोय.

मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआयवाल्याला पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण यांसाठी वेगळी परवानगी लागते. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला डोंगर चढायला परवानगी! आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, हे तर आहेच.

रानजाई
मावसभावाचं वाचून वाईट वाटलं, दादा. तो मुद्दा खोडण्यासारखा नाहीच.

पण शेतजमिनीचं तसं नाही. भारतीय पासपोर्ट असला तरी परदेशात राहणाऱ्या एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र दोघांनाही मिळते. म्हणजे सातबाऱ्यावर वारस नोंद होईल, पण बाबांनी हयातीत बक्षीसपत्र करून दिली तर चालणार नाही. तुम्ही आत्ता ज्या पासपोर्टवर आहात त्यालाही हाच नियम.

आणि आईवडिलांचाच विषय काढलात तर ऐका. जर्मनीचा साधा पीआर सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं की सहसा रद्द होतो. बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि आठ-नऊ महिने सांगलीत राहायची वेळ आली तर? परत आल्यावर पीआर गेलेला, नोकरीचा परवाना गेलेला. जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय असेल तर वर्षभर त्यांच्या उशाशी बसता येतं. अर्ज करताना माझ्या डोक्यात बाबाच होते.

कृष्णाकाठ
सहा महिन्यांचा नियम सगळ्यांना सरसकट नाही. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना, असलेल्यांना बारा महिने मिळतात, आणि जायच्या आधी अर्ज करून मुदत वाढवूनही घेता येते.

जमिनीचंही अर्धंच सांगितलंत. मी भारतीय म्हणून कायमचा परतलो की एनआरआय राहत नाही. आमचं घर शेतकऱ्याचं, त्यामुळे कूळकायद्याची आडकाठी नाही, शेजारचं रान विकायला निघालं तर मी घेऊ शकतो. मला परतायचंय. पन्नाशीनंतर का होईना, परतायचंय. हे मनात पक्कं असताना दुसऱ्या देशाच्या राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेऊ? त्या शपथेचा अर्थ मी गांभीर्याने घेतो म्हणूनच घेत नाही.

चांदणचुरा
दोघांचंही वाचलं. मला राग येतो तो आपल्या सरकारचा. ही निवड आपल्यावर लादलीच का? परदेशस्थ भारतीयांसाठी सरकारनेच नेमलेल्या सिंघवी समितीने जानेवारी २००२ मध्ये दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली. प्रत्यक्षात हाती आलं ओसीआय: मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, घटनात्मक पद नाही. आपले पैसे चालतात, प्रवासी भारतीय दिवसाला आपलं कौतुक चालतं, मत चालत नाही.

तिठ्यावरचा_वड
चांदणचुरा, इथे मी सरकारच्या बाजूने आहे. मी स्वतः २०२२ मध्ये जर्मन झालो, म्हणजे तेव्हा जर्मनीलाही जुनं नागरिकत्व सोडलेलंच हवं होतं. पासपोर्ट जमा केला त्या रात्री झोप लागली नाही. तरी सांगतो, साताऱ्याचा आमदार कोण हे मी का ठरवावं? तिथल्या टँकरच्या रांगेत मी उभा राहणार नाही, तिथली वीज गेली तर माझा पंखा बंद पडणार नाही. रानजाई म्हणतात, जिथे राहतो तिथे मत हवं. मग जिथे राहत नाही तिथे ते का मागायचं?

ओटीवरून
मी अमेरिकेत, डेट्रॉइटजवळ. आमच्या मतदारसंघातून २०२२ मध्ये श्री ठाणेदार संसदेवर निवडून आले. बेळगावात वाढलेला, मराठी बोलणारा माणूस. ते ग्रीन कार्डवरच राहिले असते तर निवडणुकीला उभंसुद्धा राहता आलं नसतं. इथे आपल्या लोकांचं कुणी ऐकावं असं वाटत असेल तर नागरिक व्हायलाच हवं. मी झाले, आणि मला अजिबात खंत नाही.

कृष्णाकाठ
ताई, ठाणेदारांचा अभिमान मलाही आहे. पण ते तिथे कायमचे राहायला गेले. माझ्यासारख्या परतणाऱ्याने काय करावं, हा प्रश्न उरतोच.

रानजाई
खरंय, परतायचं पक्कं असेल तर घेऊ नये, इथे मी तुमच्याशी सहमत. मी लिहिलंय ते राहणाऱ्यांसाठी. फक्त मनाला एकदा नीट विचारा, कारण "पाच वर्षांनी जाऊ" म्हणणारे कितीतरी जण इथल्या वृद्धाश्रमांच्या याद्या चाळताना मी पाहिलेत.

नागरिकत्वाच्या परीक्षेबद्दल व्यक्तिगत निरोप आलेत म्हणून इथेच लिहिते: ३३ प्रश्न, १७ बरोबर आले की पास. सगळे ३१० प्रश्न आधीच जाहीर असतात, परीक्षेतल्या ३३ पैकी तीन तुमच्या राज्याबद्दलचे. जर्मन भाषा बी१, म्हणजे मध्यम पातळीची हवी, अर्जाची फी २५५ युरो. जन्मदाखल्याचं भाषांतर मात्र आत्ताच करायला टाका. माझा अर्ज तिथेच अडकला होता, दाखल्यावर आईचं नाव माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं होतं.