हायब्रिड गाडीची मोठी बॅटरी खचत चालली आहे. अशा स्थितीत लांबचा प्रवास करावा का?

प्रश्न : टॉवेलवाला, सोलापूर

नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची, पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली हायब्रिड सेडान आहे. मीटरवर १ लाख ३८ हजार किलोमीटर झाले आहेत. व्यवसाय यंत्रमागाचा असल्यामुळे रोज अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसी ते घर आणि महिन्यातून एक-दोनदा हैदराबाद, असा तिचा वापर आहे.

एप्रिलच्या अखेरीस आईला घेऊन तुळजापूरला निघालो होतो. दुपारची वेळ होती आणि पारा चाळिशीच्या पुढे होता. घाट चढू लागल्यावर इंजिनाचा आवाज एकाएकी वाढला, परंतु वेग काही केल्या ताशी पन्नासच्या वर जाईना. त्यातच मागच्या सीटजवळून पंख्याचा इतका घोंघाट सुरू झाला की, खिडकी उघडी राहिली आहे का, असे आईने दोनदा विचारले. घाटाच्या पायथ्याशी पडद्यावर बॅटरीच्या आठपैकी सहा पट्ट्या दिसत होत्या, माथ्यावर दोनच उरल्या आणि सपाटीला लागल्यावर पाच-सात मिनिटांत त्या पुन्हा सात झाल्या. परतीच्या वाटेवर लाल त्रिकोणाचा दिवा लागला तो लागलाच.

सर्व्हिस सेंटरने पूर्ण बॅटरी बदलावी लागेल असे सांगितले असून त्याचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक आहे. शहरातील एक गॅरेजवाले मात्र केवळ खराब झालेले भाग बदलून देतो म्हणतात. या महिन्याच्या वीस तारखेला आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी हैदराबादला जायचे आहे. इंजिन ठणठणीत असेल, तर बॅटरीकडे दुर्लक्ष करून ही गाडी साधी पेट्रोल गाडी समजून चालवता येईल का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

उत्तर : वीजतंत्री

आपल्या शेवटच्या वाक्यातील समजूत फार जणांची असते, आणि तीच माणसाला रस्त्यात अडकवते, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. आपल्या गाडीसारख्या पूर्ण हायब्रिड रचनेत इंजिन चालू करण्यासाठी वेगळा स्टार्टर नसतो. हे काम मोठ्या बॅटरीच्या जोरावर गाडीतील जनरेटर-मोटरच करते. बारा व्होल्टची लहान बॅटरी केवळ संगणक आणि रिले (मोठ्या बॅटरीची वीज जोडणारे स्विच) जागे करते. त्यामुळे मोठी बॅटरी पूर्ण निकामी झाली किंवा संगणकाने तिची जोडणी तोडली, तर टाकी पेट्रोलने भरलेली असूनही इंजिन सुरू होत नाही. एसीचा कॉम्प्रेसरसुद्धा याच विजेवर चालतो.

पट्ट्या झरझर उतरणे आणि तितक्याच झरझर चढणे, हे दुखणे ओळखण्याची ठळक खूण आहे. आपल्या गाडीच्या काळातील बहुतेक हायब्रिड गाड्यांत निकेल मेटल हायड्राइड सेल असतात. प्रत्येक सेल सुमारे १.२ व्होल्टची असते, सहा सेलचा एक मॉड्यूल ७.२ व्होल्टचा, आणि असे अनेक मॉड्यूल एकापुढे एक जोडून दोनशेहून अधिक व्होल्ट मिळवले जातात. सर्व सेल एकाच माळेत असल्यामुळे सगळ्यांतून सारखाच प्रवाह जातो. त्यांतील जी सेल अशक्त, ती सर्वांत आधी रिकामी होते आणि सर्वांत आधी भरतेही. संगणकाला तिच्याच बेताने चालावे लागते, म्हणून बाकीच्या सेलमध्ये दम शिल्लक असूनही तो मोटरची मदत आखडती घेतो. घाटात आपल्याला जाणवला तो हाच प्रकार : मोटरने हात काढून घेतला आणि सगळा भार एकट्या इंजिनावर आला.

चालवताना याचे परिणाम असे होतात. ट्रकच्या पुढे जाण्यासाठी पाय दाबल्यावर जो जोर नेहमी मिळायचा, तो ऐनवेळी मिळत नाही, त्यामुळे ओव्हरटेक करण्याचा अंदाज चुकतो; माझ्या मते सर्वांत मोठा धोका हाच आहे. या रचनेत रिव्हर्सचा वेगळा गिअर नसतो, गाडी मोटरवरच मागे जाते, म्हणून तळघरातील पार्किंगमधून चढावर मागे येताना ती अडखळू शकते. ब्रेकचे डिस्क आणि तेल आपले काम करतातच. परंतु अशक्त सेल लवकर भरत असल्यामुळे लांब उतारावर मोटरकडून मिळणारा रोध मध्येच थांबतो आणि सगळा ताप डिस्कवर येतो. घाट उतरताना गिअरचा लिव्हर 'बी'वर, म्हणजे इंजिनाचा रोध वाढवणाऱ्या खुणेवर ठेवावा. टोलनाक्यावर किंवा फाटकापाशी बराच वेळ 'एन'वर (न्यूट्रलमध्ये) थांबू नये, कारण त्या स्थितीत इंजिन चालू असले तरी बॅटरी भरली जात नाही.

आता एक विनंती. मागच्या सीटच्या बाजूला असलेली हवेची जाळी उघडून पाहावी. बॅटरीचा पंखा तेथूनच हवा ओढतो, आणि आपला धंदा टॉवेलचा आहे. नारिंगी रंगाच्या केबलला मात्र स्वतः हात लावू नये. तेथील व्होल्टेज जीवघेणे असते.

उत्तर : बार्शीकर

केवळ खराब मॉड्यूल बदलण्याचा मार्ग मी पत्करला होता, म्हणून अनुभव सांगतो. दोन मॉड्यूल बदलून घेतल्यावर दिवा गेला, सरासरीही पूर्वीसारखी मिळू लागली, आणि सहाव्या महिन्यात तिसऱ्याच मॉड्यूलने दगा दिला. कारागिराची चूक होती असे मी म्हणणार नाही. जुन्या माळेत ताजा मणी ओवला तरी बाकीचे मणी दहा वर्षांचेच राहतात. गाडी वर्षभरात विकायची नसेल, तर पूर्ण पॅकचाच विचार करावा आणि लेखी वॉरंटी घ्यावी. आजच्या बऱ्याच हायब्रिड गाड्यांच्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते, परंतु आपल्या गाडीचे वय पाहता ती मुदत उलटून गेलेली आहे.

प्रश्नकर्ता : टॉवेलवाला, सोलापूर

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी जाळी उघडली. तिच्यामागे बोटाएवढ्या जाडीचा राखाडी थर साचला होता. तो ओढला तर तुकडे पडेनात. जमखान्याच्या काठासारखा सलग निघून हातात आला. सगळे सुताचे तंतू, त्यात धूळ मुरलेली. मालाचे नमुने मी वर्षानुवर्षे मागच्या सीटवर, त्या जाळीला टेकवून नेत आलो. तिचा बॅटरीशी संबंध असेल हे मला कधी कोणी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. पंख्याच्या पात्यांवरही तोच गाळ होता, तो गॅरेजमध्ये साफ करून घेतला.

आज स्कॅनर लावून पाहिले. चौदा-साडेचौदा व्होल्ट दाखवणाऱ्या दोन-दोन मॉड्यूलच्या जोड्यांमध्ये एक जोडी सतत सव्वा व्होल्टने मागे आहे. पंखा आता शांत आहे, परंतु दिवा पुसल्यानंतर वीस किलोमीटरमध्ये पुन्हा लागला.

उत्तर : वीजतंत्री

फरक सव्वा व्होल्टच्या आसपास स्थिर राहत असेल, तर त्या जोडीतील एक सेल पूर्ण मेली आहे असे समजावे. गेलेली सेल सफाईने परत येत नाही. उष्णता वाढून शेजारच्या सेल बिघडत होत्या, ते मात्र आता मंदावेल. ही सफाई केल्याशिवाय नवा पॅक बसवला असता, तर तोही याच उन्हात आणि याच धुळीत गुदमरला असता.

वीस तारखेला या गाडीने जाऊ नये. हैदराबादचे अंतर तीनशे किलोमीटरच्या वर आहे, शस्त्रक्रिया झालेल्या आईसाहेब परतताना सोबत असतील, आणि मेच्या दुपारी गाडी बंद पडली तर त्यांना एसीशिवाय रस्त्याकडेला बसावे लागेल. भाड्याची गाडी करावी किंवा रेल्वेने जावे. तोपर्यंत शहरातल्या शहरात, सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात आणि भार न टाकता गाडी वापरण्यास हरकत नाही.

पॅक बदलणाऱ्याला एवढे अवश्य विचारावे की, सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारी खिट्टी) काढल्यावर तो किती वेळ थांबतो. कपॅसिटरमध्ये (वीज साठवून ठेवणाऱ्या भागात) उरलेली वीज उतरण्यासाठी दहा मिनिटे थांबणारा आणि उच्च दाबाचे हातमोजे घालणारा माणूस असेल, तरच त्याच्या हाती गाडी द्यावी. जुना पॅक भंगारवाल्याला न देता २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडेच जाईल, हेही त्याच्याकडून लिहून घ्यावे.

प्रश्नकर्ता : टॉवेलवाला, सोलापूर

रेल्वेची दोन तिकिटे काढली. परत आल्यावर पूर्ण पॅकच बसवतो, आणि नमुन्यांची गाठोडी आजपासून डिकीत ठेवली आहेत.