अमायलॉइड बीटाचं मॉडेल: पोटॅशियम करंट कमी करूनही फरक का दिसत नाही?

पंचवटी_बायो
नमस्कार मंडळी. नाशिकच्या कॉलेजात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आहे. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड बीटा या प्रथिनामुळे ए-प्रकारचा (झटकन सुरू होऊन झटकन थांबणारा) पोटॅशियम करंट घटतो, तेच सीए१ (मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा एक भाग) इथल्या पिरॅमिडल पेशीच्या मॉडेलमध्ये दाखवायचंय. न्यूरॉन (NEURON) हा चेतापेशींचा सिम्युलेटर पायथॉनमधून वापरतोय. करंट ४० टक्के कमी केला, सोमामध्ये (पेशीच्या मुख्य देहात) ५०० मिलिसेकंद बाहेरून करंट दिला, तरी स्पाइक (पेशीचे विद्युत ठोके) जवळपास तेवढेच. काय तपासू?

गोदाकाठ
सोमातले स्पाइक मोजून हाती फारसं लागणार नाही. ए-करंटची घनता सोमापासून दूर जाताना वाढत जाते. हॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये उंदराच्या पेशींत मोजलं, तेव्हा ३५० मायक्रॉनवर ती पाचपटीच्या आसपास भरली. सोमाकडून उलट्या दिशेने डेंड्राइटमध्ये (पेशीच्या फांद्यांत) शिरणाऱ्या स्पाइकला हाच करंट दाबून टाकतो. त्यामुळे परिणाम शोधायचा तो तिथे. सोमात २ मिलिसेकंदांची १-२ नॅनोअँपिअरची एकच टोची द्या, एकच स्पाइक येईल एवढी. मुख्य खोडावर १५० आणि ३०० मायक्रॉनवर आणि एखाद्या तिरक्या फांदीत व्होल्टेज नोंदवा, आणि शिखराची उंची ए-करंट न घटवलेल्या रनशी ताडून पाहा.

आणखी एक. मिग्लिओरे यांच्या १९९९ च्या मॉडेलवरून बेतलेल्या पेशींत ए-करंटचे चॅनेल दोन नावांनी असतात: १०० मायक्रॉनपर्यंत केएपी, त्यापुढे केएडी. फक्त केएपी घटवलं असेल तर डेंड्राइट जसेच्या तसे राहिले.

सातपूर_सिम
कोडही बघा. अख्ख्या सेक्शनला (पेशीच्या एका सलग फांदीला) एकच जीबार (चॅनेलची कमाल वाहकता) दिलात तर आतला, सोमापासून दूर जाताना वाढणारा चढ पुसला जातो. सेगमेंटनिहाय (सेक्शनच्या छोट्या तुकड्यांनिहाय) लूप लावून ०.६ ने गुणा. नोटबुकमध्ये तोच सेल दोनदा चालवला तर ०.३६ होतं, एरर काही येत नाही! म्हणून मूळ किंमती आधी साठवा आणि दर वेळी त्यांनाच गुणा. सेगमेंटची संख्या चॅनेल वाटण्याआधी ठरवा, नंतर वाढवली की चढाच्या जागी पायऱ्या पडतात. अंतर आडव्या अक्षावर, जीबार उभ्या अक्षावर असा एक आलेख काढला की सगळं उघडं पडतं.

तापमान? काहीच सांगितलं नाही तर न्यूरॉन ६.३ अंश धरतो, म्हणजे हॉजकिन-हक्सले यांच्या स्क्विड या समुद्री प्राण्याच्या चेतातंतूवरच्या मूळ मॉडेलचं तापमान. सीए१ साठी ३४-३५ लागतं.

पंचवटी_बायो
धन्यवाद. ४० टक्केच ठेवू की बदलून पाहू?

गोदाकाठ
०, २०, ४०, ६० असे चारही चालवा. एकाच आकड्यावर व्हायवात नक्की अडवतील. चॅनेल घटवल्यावर विश्रांतीचं व्होल्टेज थोडं सरकू शकतं, म्हणून करंट देण्याआधी ते स्थिर होऊ द्या आणि सगळे रन एकाच व्होल्टेजवर आणून मगच तुलना करा. प्रत्येक रनची वेगळी फाईल लिहा, दुपारी लाईट गेली तर एवढं तरी वाचेल.