प्रति: ज्योतीचा उजेड कसा आणायचा
चित्रकार हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ची (हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र) नक्कल करताना ज्योतीच्या उजेडासाठी शेवटी पांढरा पोस्टर कलर लावा, असं इथे एकाने सुचवलंय. नाही पटलं भाऊ. बोटांच्या कडांतून झिरपणारा तो लालसर उजेड रंग न लावता कोरा राखलेल्या कागदातूनच येतो, त्यावर पातळ थर द्यायचे. वरून पांढरा दिला की खडू फासल्यासारखं दिसतं. मुळात ते चित्र जलरंगातलं आहे हेच कित्येकांना खरं वाटत नाही. तैलरंगातलं, तेही रविवर्म्यांचं समजतात.

खानदेशात खरी अडचण उन्हाळ्याची. मी जळगावात मे महिन्यात रंगवायला बसलो, पारा ४४च्या वर. चित्रातल्या गालावरचा वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) हनुवटीपर्यंत नेईतो वरची कड वाळून पक्की! गालावर व्रण उठल्यासारखी रेघ. तीन कागद असे गेले. मग ३०० जीएसएमचा जाड कॉटन कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर पसरला, पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकले, पंखा बंद करून पहाटे साडेपाचला बसलो (घरच्यांनी वेड्यात काढलं). तेव्हा कुठे कडा मऊ राहिल्या. ग्लिसरीन मात्र दोनच थेंब. एकदा हौसेने जास्त घातलं, तर दुपारपर्यंत चित्रातला चेहरा चिकट आणि त्यावर बसलेली धूळ वेगळीच.